"सर, सिस्टीम स्लो चालतीय" : एका अपडेटमुळं अमेरिकेतल्या तिसऱ्या नंबरच्या मोबाईल कंपनीचं काय झालं होतं?

कस्टमर केअरला फोन लावलाय. एक दाबा, मग तीन दाबा, मग परत मुख्य मेनूवर या, असं करत करत शेवटी एक जिवंत माणूस लाईनवर सापडलाय. तुम्ही सगळी रामकहाणी सांगता. पलीकडून आधी की-बोर्डचा खडखडाट, मग शांतता, आणि मग ते वाक्य येतं.

"सर, सिस्टीम स्लो चालतीय. दोन मिनिटं होल्ड कराल का?"

आपल्याला वाटतं पोरगं टाळतंय. कधीकधी टाळतही असेल. पण बऱ्याचदा ते बिचारं खरंच बोलत असतं. त्याच्यासमोर स्क्रीनवर गोल चक्र फिरत असतं. तुमचं नाव दिसतं तर बिल दिसत नाही, बिल दिसलं तर मागच्या आठवड्यात केलेली तक्रार गायब असते.

नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेत हेच घडलं, पण एका पोरासोबत नाही, अख्ख्या कंपनीसोबत. देशातली तिसऱ्या नंबरची मोबाईल कंपनी, दोन कोटींच्या वर ग्राहक, आणि दारात आलेल्या नव्या ग्राहकाला कनेक्शन देता येईना. कारण काय, तर ग्राहकांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं आणि ते नीट तपासलं नव्हतं.

आधी हे सॉफ्टवेअर काय असतं ते बघू

गावातल्या वाण्याकडं उधारीची वही असायची. कुणाकडं किती बाकी, कोण एक तारखेला पैसे देतो, कुणाला दोनदा आठवण करावी लागते, कुणाच्या घरी लग्न निघालंय म्हणजे यंदा तेलाचे डबे जास्त लागणार. यातलं निम्मं वहीत आणि निम्मं वाण्याच्या डोक्यात. दोनशे घरांपर्यंत हे चालून जातं. ग्राहक दोन कोटी झाले की कुणाचं डोकं पुरणार? मग ती वही कॉम्प्युटरवर जाते आणि तिला नाव मिळतं कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, म्हणजे सीआरएम.

या धंद्यात एकेकाळी सिबेल सिस्टिम्सचा दबदबा होता. टॉम सिबेल आणि पॅट्रिशिया हाऊस यांनी १९९३ मध्ये ही कंपनी काढली. पुढं १९९९ मध्ये सेल्सफोर्स आली आणि तिनं इंटरनेटवरून हेच काम करायला सुरुवात केली. २००५ मध्ये ओरॅकलनं सिबेल विकत घ्यायचं जाहीर केलं, किंमत होती ५८५ कोटी डॉलर. एका 'वही'चा धंदा केवढा मोठा झाला होता ते यावरून कळेल.

आता एक गोष्ट डोक्यात ठेवा, पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्यातच आहे. ही वही एकटी नसते. तिच्या एका बाजूला बिलिंगचं सॉफ्टवेअर असतं, दुसऱ्या बाजूला मोबाईलचं नेटवर्क, तिसरीकडं सिमकार्डांचा साठा, चौथीकडं ग्राहकाची पत तपासणारी यंत्रणा, पाचवीकडं एसएमएस पाठवणारी. तुम्ही "माझा पत्ता बदला" एवढंच म्हणता, पण तो पत्ता चार-पाच ठिकाणी बदलावा लागतो.

माझ्या इंटरनेटवाल्या कंपनीनं पत्ता बदलून दिला तेव्हा बिल नव्या घरी यायला लागलं आणि दुरुस्तीवाला जुन्या घरी जायला लागला. तीनदा गेला. तिथले नवे भाडेकरू आता त्याला चहा विचारतात म्हणे.

तर २००३ मध्ये झालं असं की

कंपनीचं नाव एटी अँड टी वायरलेस. ती तेव्हा जुन्या तंत्रज्ञानाचं नेटवर्क सोडून जीएसएमकडं निघाली होती आणि जीएसएमच्या ग्राहकांसाठी सिबेलचं सीआरएम वापरत होती. अडचण वेगाची होती. एका ग्राहकाचं काम करायला कॉल सेंटरच्या माणसाला पाच-सहा स्क्रीन उघडाव्या लागायच्या. त्या स्क्रीन सुमारे पंधरा जुन्या यंत्रणांमधून माहिती ओढायच्या. एका ग्राहकामागं वीस मिनिटं जायची. वीस मिनिटं फोनवर! म्हणून सिबेलची नवी ७.५ आवृत्ती बसवायचं ठरलं.

ठरवलं ते चूक नव्हतं. चुकली ती वेळ.

२४ नोव्हेंबर २००३ ला अमेरिकेत नंबर पोर्टेबिलिटी सुरू होणार होती. आपल्याकडं २० जानेवारी २०११ ला ती देशभर आली तेव्हाचं आठवत असेल. "नंबर तोच, कंपनी दुसरी" अशा जाहिरातींनी टीव्ही भरला होता. तोपर्यंत लोक वाईट सेवा का सहन करत होते, तर नंबर बदलेल म्हणून. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, नातेवाईकांच्या डायरीत तोच नंबर. ती भीती गेली की ग्राहक मोकळा होतो. म्हणजे मोबाईल कंपनीसाठी हे निवडणुकीच्या मतदानासारखं होतं. सगळ्यात चांगली सेवा ज्या दिवशी लागणार, तो दिवस सरकारनंच जाहीर केलेला.

आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला कंपनीनं सीआरएमचं अपग्रेड लाईव्ह केलं.

ते कोसळलं. कॉल सेंटरच्या लोकांना नवी खाती उघडता येईनात, उघडलेली दिसेनात. या गोंधळाचा भार शेजारच्या यंत्रणांवर पडला, त्यात नंबर पोर्ट करायची यंत्रणा पण अडकली. ती आधीच धड चालत नव्हती. म्हणजे नवा ग्राहक येत होता त्याला घेता येईना, जुना जात होता त्याला धड सोडता येईना. नंबर अर्ध्या वाटेवर लटकलेले. शेवटी दूरसंचार नियामक एफसीसीनं कंपनीला जाब विचारला.

हे सगळं फेब्रुवारी २००४ पर्यंत चाललं. कंपनीचं सुमारे १० कोटी डॉलरचं उत्पन्न बुडालं असा अंदाज 'सीआयओ' या अमेरिकी मासिकानं तेव्हा मांडला होता.

"मग जुनी आवृत्ती परत का लावली नाही?" हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर ऐकून डोक्याला हात लावाल. जुनी यंत्रणा परत उभी करता येईल इतपत ती जपूनच ठेवली नव्हती. नव्या घरात राहायला जायच्या आदल्या दिवशी जुनं घर पाडून टाकल्यासारखं झालं.

१७ फेब्रुवारी २००४ ला सिंग्युलरनं ही कंपनी ४१ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. आता एका सॉफ्टवेअर अपडेटमुळं कंपनी विकली गेली असं काही लोक सांगतात, ते जरा जास्तच झालं. नेटवर्क बदलायचा खर्च, स्पर्धा, बाजाराचं वारं अशी बरीच कारणं होती. पण जिथं एकेक ग्राहक मोजून किंमत ठरते, तिथं ऐन बोलीच्या तोंडावर ग्राहक घेताच न येणं हे काय सुखाचं नव्हतं.

तपासणी झालीच नव्हती का?

झाली होती. इतक्या मोठ्या कंपनीत तपासणी होत नाही असं कधी नसतं. गोम अशी की 'तपासलं' या शब्दाचे अर्थ वेगवेगळे निघतात.

समजा तुम्ही शेतात पाईपलाईन टाकताय. पाईपचा प्रत्येक तुकडा दुकानातच फुंकून बघितला, एकही फुटका नाही. प्लंबरनं सांगितलं सगळे पाईप चांगलेत. पण जोडून, मोटर चालू करून, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी जातंय का हे बघितलंच नाही. गळती पाईपमध्ये नसते, जोडावर असते.

सीआरएमचं तसंच. एका टीमनं नाव भरायची स्क्रीन तपासली. दुसरीनं पत तपासणी. तिसरीनं बिलिंग. प्रत्येकाच्या यादीत सगळ्या ओळींसमोर हिरवी खूण. पण ग्राहक स्क्रीन वापरायला येत नाही, तो काम घेऊन येतो. "मला नवं कनेक्शन हवंय" या एका वाक्यामागं ग्राहकाची नोंद, त्याची पत, नंबर, सिम, नेटवर्कवर चालू होणं, पहिलं बिल, स्वागताचा मेसेज अशी साखळी असते. ती पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत ओढून बघणं म्हणजे एंड टू एंड टेस्टिंग. एटी अँड टी वायरलेसमध्ये हीच तपासणी अपुरी राहिली.

का राहिली? कारण शेजारच्या यंत्रणांचं काम पण त्याच वेळी चालू होतं. पोर्टेबिलिटीसाठी त्या बदलल्या जात होत्या. आज तपासलेला जोड उद्या वेगळाच. खरं तर तपासणी सुरू झाली की कोड गोठवायचा असतो, म्हणजे "आता कुणी हात लावायचा नाही" असं ठरवायचं असतं. पेपर तपासायला घेतल्यावर विद्यार्थी अजून उत्तरं लिहीतच असेल तर मार्क कुठल्या उत्तराला द्यायचे? त्यात नोकरकपातीच्या आणि काम बाहेरदेशी जाणार असल्याच्या चर्चांनी लोकांचं मन आधीच उडालेलं होतं.

म्हणून आज एखाद्या कंपनीला आपल्या सीआरएमची तपासणी सुधारायची असेल तर पहिलं काम नवं महागडं टूल घेणं हे नाही. ग्राहक रोज कुठली कामं घेऊन येतो त्याची यादी काढायची. नवं कनेक्शन, पत्ता बदल, पैसे परत, तक्रार, कनेक्शन बंद. गेल्या सहा महिन्यांचे कॉल बघितले तर दिसतं की थोडीच कामं पुन्हा पुन्हा येतात. ती आधी टोकापासून टोकापर्यंत चालवून बघायची. अगदी कंपनी सोडून जाणाऱ्या ग्राहकाचं सुद्धा. ते काम कुणालाच आवडत नसल्यामुळं त्याची तपासणी सगळ्यात शेवटी ढकलली जाते, आणि एफसीसीसारखी नोटीस नेमकी त्याच्यावरून येते.

राम पाटील, वय ३०, राहणार पुणे

टेस्टिंगसाठी खोटे ग्राहक तयार करतात. ते फार गुणी असतात. एक नाव, एक आडनाव, दहा आकडी नंबर, सरळ पत्ता. असल्या ग्राहकांवर कुठलंही सॉफ्टवेअर झकास चालतं.

खरे ग्राहक असे नसतात. कोल्हापूरच्या आजींचा पत्ता "मारुती मंदिराच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, केअर ऑफ अमुक" असा तीन ओळींचा असतो. बाईचं आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. दक्षिणेकडून आलेल्या माणसाला आडनावच नसतं, त्याच्या वडिलांच्या नावाचं एक अक्षर असतं, आणि फॉर्म म्हणतो आडनाव किमान तीन अक्षरी हवं. नंबर कुणी शून्य लावून दिलाय, कुणी प्लस एक्क्याण्णव लावून, कुणी मध्ये जागा सोडून. फॉर्ममध्ये 'श्री.' नावाच्या रकान्यातच भरलेलं असतं.

आणि सगळ्यात डेंजर प्रकार म्हणजे एका घरात एकच नंबर. आई, वडील, दोन पोरं, चौघांच्या खात्यावर मोठ्या मुलाचा मोबाईल. नव्या सीआरएममध्ये एक हुशार सोय असते, एकाच ग्राहकाच्या दुबार नोंदी शोधून एकत्र करायची. कशावरून शोधणार, तर मोबाईल नंबरवरून. झालं! चार माणसं एका झटक्यात एक होतात. आईची विमा पॉलिसी मुलाच्या नावावर दिसायला लागते. आणि नोंदी एकत्र करणं सोपं असतं, परत वेगळ्या करणं महाकठीण.

चांगला टेस्टर इथं कामाला येतो. तो नाव भरायच्या रकान्यात पन्नास अक्षरं चालतात असं लिहिलं असेल तर पन्नास टाकून बघतो, एक्कावन्न टाकून बघतो, रिकामं सोडून बघतो, मराठीत लिहून बघतो. 'क्षितिज' आणि 'ज्ञानेश्वर' ही नावं तर मुद्दाम टाकावीत. आपल्याला 'क्ष' एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटर त्यात तीन मोजतो. मग मर्यादा नेमकी कुणाच्या मोजणीनं? नाव छापताना अर्धवट तुटलं तर ग्राहकाला ते लगेच दिसतं आणि राग पण येतो.

मग एक शॉर्टकट सुचतो. खऱ्या ग्राहकांचीच माहिती उचलून टेस्टिंगच्या मशीनवर टाकली तर? डेटा पण खरा, घाण पण खरी. हे सर्रास व्हायचं, अजूनही होतं. पण टेस्टिंगचं मशीन म्हणजे मागचं दार. तिथं पहारा कमी, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, बाहेरचे कंत्राटी लोक येऊन-जाऊन. आपल्याकडं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात माहितीची सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून माहितीचा सांगाडा खरा ठेवायचा आणि माणूस बदलायचा, याला मास्किंग म्हणतात. नाव, नंबर, जन्मतारीख बदलली जाते, पण तीन ओळींचा पत्ता तीन ओळींचाच राहतो, एका नंबरवरची चार माणसं चारच राहतात. हे काम कंटाळवाणं आहे. तरी माझ्या मते टेस्टिंगमध्ये सगळ्यात जास्त फळ यातूनच मिळतं.

सगळं तपासायचं म्हटलं तर?

चार प्रकारचे ग्राहक, पैसे भरायच्या पाच पद्धती, तीन भाषा, दहा प्लॅन आणि चार प्रकारचे मोबाईल-कॉम्प्युटर धरा. गुणाकार करा, २४०० जोड्या झाल्या. एवढ्या हातानं तपासायला बसलं तर दिवाळी उजाडेल.

इथं गणित मदतीला येतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी खऱ्या सॉफ्टवेअरमधले बिघाड तपासले. त्यांना दिसलं की बहुतेक बिघाड एका गोष्टीमुळं किंवा दोन गोष्टी एकत्र आल्यामुळं होतात. सहापेक्षा जास्त गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागल्या असा बिघाड त्यांना सापडला नाही. मग प्रत्येक दोन गोष्टींची जोडी कुठंतरी एकदा येईल अशी यादी बनवली तर २४०० ऐवजी पन्नास-साठ तपासण्यांत भागतं. याला पेअरवाईज टेस्टिंग म्हणतात. 'प्रीपेडचा ग्राहक आणि मराठी भाषा' ही जोडी एकदा, 'मराठी भाषा आणि चेकनं पैसे' ही एकदा. अशा तपासण्या एकदा लिहून मशीनवर लावल्या की दर बदलानंतर रात्रीत चालतात. परवा चालणारं काम आजच्या दुरुस्तीनं मोडलं नाही ना, हे सकाळी कळतं. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात.

पण मशीन एक गोष्ट सांगू शकत नाही. एखादी स्क्रीन चालते पण तिच्यावर काम करणं अशक्य आहे, हे ते सांगू शकत नाही. त्यासाठी कॉल सेंटरमधली माणसंच बसवावी लागतात. मॅनेजर नाही, रोज दीडशे फोन घेणारी माणसं. त्यांच्या कानाला हेडफोन, पलीकडं चिडलेला ग्राहक, आणि समोर नवी स्क्रीन. ती पाच मिनिटांत सांगतात, "मॅडम, ग्राहक बोलत असताना मला त्याचं मागचं बिल बघायचं असतं, इथं त्यासाठी ही स्क्रीन बंद करावी लागतीय." कंपन्या ही तपासणी बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात ठेवतात. तेव्हा चूक सापडली तरी दुरुस्त करायला वेळ नसतो, मग तिला 'ट्रेनिंगमध्ये सांगू' या यादीत टाकतात.

एक मशीन तपासलं, दुसरं राहिलं

२००३ जुनं झालं, आता असं होत नसेल, असं वाटत असेल तर इंग्लंडला चला.

टीएसबी ही तिथली बँक. ग्राहक ५२ लाख. ती आधी लॉइड्स बँकिंग ग्रुपचा भाग होती, २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेनं ती घेतली. मालक बदलला तरी कॉम्प्युटर यंत्रणा लॉइड्सचीच भाड्यानं वापरणं चालू होतं. म्हणून सबादेलच्याच साबिस या आयटी कंपनीनं नवी यंत्रणा बांधली आणि एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी सगळे ग्राहक तिच्यावर हलवले.

गंमत बघा, माहिती व्यवस्थित हलली. खात्यांचे आकडे पोचले. पण सोमवारी लोक लॉगिन करायला लागले आणि यंत्रणा गुदमरली. कुणाला आपलं खातं उघडेना, तर कुणाला दुसऱ्याचंच खातं दिसायला लागलं. शाखांमधले लोक पण हतबल, कारण त्यांच्यासमोर तीच यंत्रणा. ठगांनी ही संधी साधली, "बँकेतून बोलतोय, तुमची अडचण सोडवतो" असे फोन सुरू झाले. पुढच्या वर्षभरात सव्वादोन लाखांवर तक्रारी आल्या. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांना सप्टेंबरमध्येच पद सोडावं लागलं होतं.

स्लॉटर अँड मे या लॉ फर्मनं चौकशी केली, अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. त्यातली एक गोष्ट वाचून मी परत वर जाऊन वाचली. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर चालणार होती. दोन्ही एकाच वेळी, भार वाटून घेत. पण भार सोसतं का याची तपासणी त्यातल्या एकावरच केली. बैलगाडीला दोन बैल जुंपायचे आणि एकालाच चालवून बघायचं, असला प्रकार.

भाराची तपासणी म्हणजे लोड टेस्टिंग. एक माणूस लॉगिन करू शकतो हे सिद्ध करून काही होत नाही. सोमवारी सकाळी नऊ वाजता, पगाराच्या दिवशी, लाखभर माणसं एकदम आली तर काय, हे बघायचं असतं. आणि गोंधळाच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्तच असते, कारण लॉगिन झालं नाही की माणूस परत परत बटण दाबतो. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी आपण सगळेच हे करतो.

तारीख आधी, तयारी नंतर

त्या अहवालात अजून एक टीका आहे आणि एटी अँड टी वायरलेसची गोष्ट वाचल्यावर ती ओळखीची वाटेल. टीएसबीनं आधी शेवटची तारीख ठरवली आणि मग तिच्यापासून मागं मोजत कामं बसवली. पहिली तारीख होती नोव्हेंबर २०१७. ती जमत नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीवर ढकलली. पण आधीचा अंदाज कशामुळं चुकला आणि नवा कशावरून बरोबर, हे साधे प्रश्न संचालक मंडळानं पुरेसे विचारले नाहीत.

तारीख अशी ठरली की वेळ कुठून कापला जातो? डिझाईन आधीच झालेलं असतं. कोड लिहायला उशीर झालेला असतो. उरतं फक्त टेस्टिंग. लग्नात मुहूर्त ठरलेला असतो, मग जेवणाची चव बघायला कुणी थांबत नाही.

याच्यावर दोन साधे उपाय आहेत, आणि दोन्ही पैशापेक्षा हिंमतीचे आहेत. पहिला, "आज लाईव्ह जायचं नाही" असं म्हणायचा अधिकार टेस्टिंगवाल्याला द्यायचा, आणि कुठल्या चुका सापडल्या तर थांबायचं हे महिनाभर आधी लिहून ठेवायचं. आदल्या रात्री ठरवायला बसलं की प्रत्येक चूक किरकोळ वाटायला लागते.

दुसरा, सगळं एकदम हलवायचं नाही. टीएसबीनं बहुतेक सगळे ग्राहक एकाच शनिवार-रविवारी हलवले. अमेरिकेत पोर्टेबिलिटी एका दिवशी देशातल्या सगळ्यात मोठ्या शंभर शहरी भागांत सुरू झाली. आपल्याकडं मात्र २५ नोव्हेंबर २०१० ला ती फक्त हरियाणात सुरू झाली आणि देशभर जायला जवळपास दोन महिने घेतले. सरकारी कामाचं कौतुक करायची वेळ क्वचित येते, ती सोडू नये. सीआरएमचं पण असंच करता येतं. आधी कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची खाती, मग एक छोटा भाग, मग एक सर्कल. आणि जुनी यंत्रणा तोवर गरम ठेवायची. नुसती ठेवायची नाही, परत तिच्यावर जाऊन बघायचं. परतीचा रस्ता कागदावर असणं आणि त्याच्यावरून एकदा चालून आलेलं असणं यात फरक आहे.

पुढं काय झालं?

सिंग्युलरचा सौदा ऑक्टोबर २००४ मध्ये पूर्ण झाला आणि एटी अँड टी वायरलेस ही कंपनी संपली. नाव मात्र परत आलं. २००७ मध्ये सिंग्युलरनंच आपलं नाव पुसून एटी अँड टी हे नाव लावलं.

टीएसबीला डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन वित्तीय नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ग्राहकांना भरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पौंड त्याआधीच द्यावे लागले होते. आणि एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या माजी मुख्य माहिती अधिकाऱ्याला वैयक्तिक ८१ हजार ६२० पौंडांचा दंड झाला. साबिसनं "आमची तयारी आहे" असं लिहून दिलं होतं. ते लिहून दिलेलं खरं आहे का, हे त्यानं पुरेसं तपासलं नाही, असा ठपका होता.